उपविधी क्रमांक ७ : बंगला कोणाला विकायचा, हे ठरवणार कोण?

अहमदाबादेतला एक बंगला वडिलांच्या मागे मुलाकडे आला. मालक पारशी, सोसायटीही पारशांची. मुलाला बंगला पाडून तिथे व्यापारी इमारत उभारायची होती. संस्था म्हणाली, जमीन राहण्यासाठी आहे, दुकानांसाठी नाही. बरं, मग राहण्याचे फ्लॅट बांधतो, असं तो म्हणाला. त्याला संस्थेची ना नव्हती, पण अट एकच होती : फ्लॅट विकायचे ते पारशांनाच. पुढे मालकाची एका बिल्डरशी बोलणी सुरू झाली. बिल्डर काही गिऱ्हाइकाचा धर्म बघून फ्लॅट विकणार नव्हता. संस्थेनं मनाई हुकूम मागितला आणि प्रकरण कोर्टाच्या पायऱ्या चढू लागलं.

ते थांबलं थेट सुप्रीम कोर्टात. १५ एप्रिल २००५ रोजी न्या. बी. एन. श्रीकृष्ण आणि न्या. पी. के. बालसुब्रमण्यन यांच्या पीठानं निकाल दिला : झोरोस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी विरुद्ध जिल्हा निबंधक (सहकारी संस्थांची नोंदणी करणारा सरकारी अधिकारी). संस्था जिंकली. घर नाकारण्यावरून आपल्याकडे कुठेही वाद निघाला, की दोघा-तिघांच्या बोलण्यानंतर कोणी तरी हा निकाल पुढे करतोच. ‘सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, सोसायटीला सभासद निवडायचा अधिकार आहे.’ एवढ्यावर चर्चा मिटते. निकाल खरंच तेवढं सांगतो का, आणि तो ज्या वाटेनं तिथवर पोचला ती वाट कशी होती, हे बघण्यासाठी हे प्रकरण सावकाश वाचायला हवं.

संस्था कुठून आली

ही संस्था १९२६ साली नोंदलेली आहे, तेव्हाच्या मुंबई सहकारी संस्था कायद्याखाली. तो कायदा त्याच्या आदल्याच वर्षीचा, १९२५चा. त्या काळात जातीची किंवा धर्माची म्हणून सोसायटी काढणं कोणाला खटकत नव्हतं. मुंबईत गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५पासून होती. ओळखीपाळखीच्या माणसांनी पैसे जमवायचे, जमीन घ्यायची, घरं बांधायची. आणि ओळखीपाळखीची माणसं म्हणजे ओघानंच नात्यातली, जातीतली. सहकाराची सुरुवात बऱ्याच ठिकाणी अशीच झाली. त्यामुळे संस्थेच्या उपविधी क्रमांक ७मध्ये (उपविधी म्हणजे संस्थेनं स्वतःसाठी केलेला नियम) सभासदत्व पारशांपुरतं ठेवलं, तेव्हा निबंधकानं तो निमूटपणे नोंदवून घेतला.

राज्यघटना आली. १९६१मध्ये गुजरातचा नवा सहकारी संस्था कायदा आला. उपविधी होता तिथेच राहिला.

एका ‘आणि’ची गोष्ट

गुजरातच्या कायद्याचं कलम २४ ‘खुल्या सभासदत्वा’चं आहे. सोप्या मराठीत ते असं : या अधिनियमाच्या आणि उपविधींच्या तरतुदींनुसार जो रीतसर पात्र आहे, अशा कोणालाही संस्थेनं पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारू नये. महाराष्ट्राच्या १९६०च्या कायद्यात कलम २३ जवळजवळ याच शब्दांत आहे.

वरवर वाचलं तर वाटतं, दार उघडं आहे. पण ‘आणि उपविधींच्या’ हे दोन शब्द नीट बघा. पात्र कोण, हे निम्मं कायदा ठरवतो आणि निम्मं संस्था स्वतः. संस्थेनं उपविधीतच ‘पारशी’ असं लिहिलं, तर बिगरपारशी माणूस नाकारला जात नाही, तो मुळात पात्रच ठरत नाही. मग ‘पुरेसं कारण’ काय होतं, हे विचारायची वेळच येत नाही. कलमाचं नाव खुलं सभासदत्व, आणि किल्ली मात्र संस्थेच्या खिशात. पुढचा सगळा निकाल या दोन शब्दांवर तोललेला आहे असं मी म्हणेन, तो राज्यघटनेची कितीही पानं उलटत असला तरी.

हायकोर्ट एका बाजूला, सुप्रीम कोर्ट दुसऱ्या

गुजरात हायकोर्टात, आधी एका न्यायमूर्तींपुढे आणि मग खंडपीठापुढे, मालकाची सरशी झाली. आपली मालमत्ता कोणाला विकावी यावर अशी अट घालणं म्हणजे मालमत्तेच्या हक्कावर गदा, असा त्या बाजूचा सूर होता. राज्यघटनेचा अनुच्छेद ३००-क (कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता हिरावता येत नाही) आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १० ही त्यातली हत्यारं. कलम १० म्हणतं, एकदा मालमत्ता दिली की ती पुढे विकायला संपूर्ण बंदी घालणारी अट निरर्थक.

सुप्रीम कोर्टानं हे सगळं फिरवलं. त्याची मांडणी थोडक्यात अशी. सहकारी संस्था ही माणसांनी स्वेच्छेनं केलेली संघटना. संघटना करण्याचं स्वातंत्र्य अनुच्छेद १९ देतो, आणि कोणाशी संघटना करायची नाही हेही त्यातच आलं. उपविधी म्हणजे सभासदांचा आपसातला करार, कंपनीच्या नियमावलीसारखा. सभासद झालात की तो तुम्हाला बांधतो. अनुच्छेद १५ धर्मावरून भेदभाव करू नका असं सांगतो, पण ते शासनाला. सोसायटी म्हणजे शासन नव्हे. कलम १०चं म्हणाल, तर इथे संपूर्ण बंदी कुठे आहे? पारशांना विकता येतंच की. आणि ‘सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध’ हा आक्षेप? सहकाराच्या बाबतीत सार्वजनिक धोरण काय आहे ते सहकार कायद्यातच शोधायचं. राज्यघटनेच्या उद्देशिकेतून उचलून आणायचं नाही. कायद्यात अशी संस्था काढू नका असं कुठे लिहिलेलं नाही.

एक गोष्ट मात्र निकालाचा दाखला देणारे हटकून गाळतात. धर्मनिरपेक्ष भारतात एकाच धर्माच्या लोकांपुरती सहकारी संस्था ही कल्पना काहीशी मागे नेणारी वाटू शकते, असं खुद्द कोर्टानंच म्हटलं आहे. फक्त ते बदलणं कायदेमंडळाचं काम, आमचं नव्हे, अशी त्याची भूमिका. म्हणजे कोर्टानं अशा उपविधीची पाठ थोपटलेली नाही. कायद्यात बंदी नाही, म्हणून आम्हीही घालणार नाही, इतकंच. या दोन गोष्टींत फार अंतर आहे, आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ते पार पुसलं जातं.

कोर्टात कोण नव्हतं

खटल्यात मालक होता, संस्था होती, निबंधक होता, बिल्डर होता. तू अमुक धर्माचा म्हणून तुला घर नाही, असं ज्याला सांगितलं गेलं असतं, तो माणूस कुठे होता? नव्हता. तेव्हा तो अजून जन्मालाच आला नव्हता म्हणा ना. कारण फ्लॅट बांधलेच गेले नव्हते.

मला या प्रकरणातली खरी गोम इथे दिसते. प्रश्न भेदभावाचा होता आणि तो कोर्टात आला विक्रेत्याच्या नफ्यातोट्याचा होऊन. एका बाजूला मालमत्तेचा हक्क, दुसऱ्या बाजूला एका लहान समाजाचं संघटना-स्वातंत्र्य, असा तराजू मांडल्यावर पारडं कुठे झुकणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पारशी समाज लहान आहे, हे खरंच. २०११च्या जनगणनेत देशभरात त्यांची संख्या ५७,२६४ होती. आपली वस्ती विरघळून जाईल ही त्यांची भीती खोटी म्हणता येणार नाही, आणि कोर्टालाही ती जाणवली असणार. अडचण अशी, की निकालाचं वाक्य ‘लहान समाज’ असं बोलत नाही. ते ‘संस्था’ असं बोलतं. ५७ हजारांच्या समाजाला जे कवच मिळालं, तेच शब्दही न बदलता गावातल्या सगळ्यात मोठ्या आणि पैसेवाल्या समाजालाही मिळालं. दुबळ्यानं स्वतःभोवती घातलेलं कुंपण आणि बळकटानं दुसऱ्याला बाहेर ठेवायला घातलेलं कुंपण कायद्याला एकसारखंच दिसतं.

दुसरी खटकणारी गोष्ट म्हणजे ‘स्वेच्छा’. निकालाचा पाया असा, की तू आपणहून सभासद झालास, आता अटीबद्दल तक्रार कसली? पण मालकाकडे बंगला आला तो वडिलांकडून. बंगला हवा तर सभासदत्व घ्यावं लागतं, आणि सभासदत्व घेतलं की उपविधी क्रमांक ७ गळ्यात पडतो. याला स्वेच्छा म्हणायचं असेल तर म्हणावं.

सेंट लुईसचं घर

हेच भांडण जवळपास असंच अमेरिकेत सत्तावन्न वर्षं आधी झालं होतं, आणि तिथे निकाल उलटा लागला. मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस शहरात एका वस्तीतल्या घरमालकांनी १९११मध्ये करार केला होता : पन्नास वर्षं ही घरं कृष्णवर्णीयांना आणि आशियाई वंशाच्या लोकांना द्यायची नाहीत. १९४५मध्ये शेली या कृष्णवर्णीय कुटुंबानं तिथलं एक घर घेतलं. विकणारा राजी, घेणारा राजी. कोर्टात गेले ते शेजारी. १९४८मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं म्हटलं : असा करार खासगी माणसांनी आपसात केला आणि आपसातच पाळला, तर राज्यघटना आड येत नाही. पण तो पाळला जावा म्हणून कोर्टानं हुकूम काढला, की शासनाचा हात मध्ये आला, आणि शासनाला भेदभाव करता येत नाही.

अहमदाबादच्या प्रकरणात हा धागा ओढता आला असता. मनाई हुकूम मागितला तो सहकार कायद्यानं नेमलेल्या यंत्रणेकडे. उपविधी लागू होतो तोच मुळी निबंधकाच्या नोंदणीनं. त्या शिक्क्याशिवाय तो नुसता कागद. ‘संस्था म्हणजे शासन नव्हे’ हे मान्य. पण शिक्का मारणारा आणि हुकूम काढणारा शासन नव्हे काय? या प्रश्नाला कोर्टानं भिडायला हवं होतं, असं माझं मत.

अमेरिकेतही एका निकालानं घरं मिळाली नाहीत, हेही सांगायला हवं. करार कोर्टात चालेनात, पण मालक आणि एजंट तोंडी नाही म्हणतच राहिले. मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ला हत्या झाली आणि आठवडाभरात, ११ एप्रिलला, घरांतल्या भेदभावावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. विकणं आणि भाड्यानं देणं दोन्ही त्यात आलं. आधी वंश, वर्ण, धर्म, मूळ देश; १९७४मध्ये लिंग; १९८८मध्ये अपंगत्व आणि घरात लहान मुलं असणं. आपल्याकडे असा सगळ्यांसाठीचा एक कायदा आजही नाही.

बडोद्याची धर्मशाळा

अहमदाबादपासून बडोदा शंभरेक किलोमीटर. १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला तिथे गेले, तेव्हा त्यांना भाड्यानं जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव सांगून उतरले. काही दिवसांनी बिंग फुटलं, काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढण्यात आलं. मित्रांकडे विचारलं, त्यांनीही काही ना काही सबबी सांगितल्या. बागेत बसून त्यांनी गाडीची वेळ होईपर्यंत वेळ काढला आणि मुंबई गाठली. ही हकीकत मराठी वाचकाला नवी नाही. पारशांना दोष द्यायला मी ती इथे आणत नाही. त्या शहरात हिंदू दारंही बंदच होती.

आणतो ती वेगळ्या कारणानं. अनुच्छेद १५च्या दुसऱ्या खंडात दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, रस्ते अशी यादी आहे, आणि हा खंड फक्त शासनाला उद्देशून नाही. खासगी माणसालाही तो लागू होतो. घटना समितीत १९४८मध्ये बाबासाहेबांनी खुलासा केला होता, की यातला ‘दुकान’ हा शब्द व्यापक अर्थानं घ्यायचा, मोबदला घेऊन सेवा देणारा कोणीही त्यात येतो. २०११मध्ये सुप्रीम कोर्टानं एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रकरणात हाच खुलासा उचलून धरला आणि खासगी शिक्षणसंस्था या खंडाखाली आणल्या. बाजारात फ्लॅट विकायला काढणारा बिल्डर किंवा घर भाड्यानं लावणारा मालक त्यात बसतो की नाही? बसावा, असं मला वाटतं. २००५च्या निकालाचा सगळा भर पहिल्या खंडावर. दुसऱ्याला त्यात म्हणावी तशी जागाच मिळाली नाही.

कायदा करता येतो, केलाही आहे

कायदेमंडळानं बघावं, असं कोर्टानं म्हटलं होतं. कायदेमंडळानं काय केलं?

एचआयव्हीबाधितांसाठीच्या २०१७च्या कायद्यात आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या २०१९च्या कायद्यात जवळपास एकच ओळ आहे : राहण्याचा, विकत घेण्याचा, भाड्यानं घेण्याचा किंवा अन्य प्रकारे मालमत्ता वापरण्याचा हक्क नाकारता येणार नाही, त्याबाबत अन्याय्य वागणूक देता येणार नाही. विकत घेणारा आणि भाडेकरू, दोघंही एका वाक्यात. म्हणजे अशी ओळ कशी लिहायची हे संसदेला उत्तम ठाऊक आहे. (तृतीयपंथी कायद्यात दंडाची कलमं मात्र घरातून, गावातून हुसकावण्यापर्यंत जातात, नुसतं घर नाकारण्यापर्यंत जात नाहीत.) धर्म, खाणंपिणं, एकटं राहणं यांसाठी ही ओळ कुठेच नाही. भेदभावविरोधी सर्वसमावेशक विधेयक लोकसभेत एका खासदारानं खासगी विधेयक म्हणून मांडलं होतं. ते तसंच बारगळलं. केंद्राचा २०२१चा आदर्श भाडेकरार कायदाही (राज्यांसाठीचा नमुना) यावर गप्प आहे.

अस्पृश्यतेचं तसं नाही. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५, कलम ४ : कोणत्याही वस्तीत राहती जागा बांधायला, घ्यायला किंवा तिथे राहायला अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी केली तर तो गुन्हा. त्याहून महत्त्वाचं कलम १२. अडवलेला माणूस अनुसूचित जातीचा असेल, तर ते अस्पृश्यतेवरूनच केलं असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नव्हतं हे समोरच्यानं सिद्ध करायचं. घर नाकारण्याच्या भानगडीत पुरावा हीच मुख्य अडचण असताना एवढं बळकट कलम कायद्याच्या पुस्तकात आहे आणि ते फारच थोड्यांना माहीत आहे.

संस्थांची बाजू या काळात उलट भक्कम झाली. ९७व्या घटनादुरुस्तीनं अनुच्छेद १९मध्ये ‘सहकारी संस्था’ हे शब्दच घातले. त्या दुरुस्तीचा मोठा भाग २०२१मध्ये राज्यांतल्या संस्थांपुरता रद्द झाला, हे शब्द राहिले. दुसऱ्या बाजूनं २०२३च्या जानेवारीत पाच न्यायमूर्तींच्या पीठानं बहुमतानं सांगितलं, की अनुच्छेद १९ आणि २१मधले (स्वातंत्र्याचे आणि जगण्याचे) हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही मागता येतात. देशात कुठेही राहण्याचा, स्थायिक होण्याचा हक्क १९मध्येच आहे. एक फट पडली आहे. तिच्यातून उपविधी क्रमांक ७सारखा प्रश्न पुन्हा आत नेणारं प्रकरण हवं, आणि या वेळी नकार मिळालेला माणूस त्यात पक्षकार असायला हवा.

आज नकार आला तर

घेणारा आणि भाडेकरू यांच्या वाटा इथे वेगळ्या होतात.

महाराष्ट्रात फ्लॅट घेतला आणि कमिटी सभासद करून घेत नसेल, तर पहिला प्रश्न हाच : कोणत्या उपविधीखाली? नोंदलेल्या उपविधींत धर्माची किंवा जातीची अटच नसेल, तर २००५चा निकाल कमिटीच्या काडीचाही कामाचा नाही. तो उपविधी असलेल्या संस्थेसाठी आहे, सेक्रेटरीच्या मर्जीसाठी नाही. ‘आपल्या सोसायटीत चालत नाही’ हा उपविधी नव्हे. नकार द्यायचा तर कारणांसह लेखी द्यावा लागतो. महाराष्ट्राच्या सहकार कायद्याच्या कलम २२नुसार अर्ज दिल्यापासून तीन महिन्यांत काहीच कळवलं नाही, तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. नकार आला तर कलम २३खाली निबंधकाकडे अपील. कमिटी अर्जच घेत नसेल तर तो निबंधकाकडे देता येतो. म्हणून तोंडी विचारपूस करत बसू नये. अर्जाच्या दोन प्रती, दुसऱ्या प्रतीवर संस्थेचा शिक्का, सही आणि तारीख अशी पोच. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्ट. तीन महिन्यांची मोजणी त्या तारखेपासून.

भाडेकरूकडे अशी तारीख नसते. त्याला नकार येतो तो फोनवर, एजंटच्या गोड आवाजात. ‘नाव काय म्हणालात? नाही, आडनाव?’ मग दोन सेकंद शांतता. मग ‘ओनरला फॅमिलीच हवीय’, किंवा ‘ती जागा सकाळीच गेली हो’. जागा तिसऱ्या दिवशीही जाहिरातीत दिसत असते. आदर्श उपविधींनुसार (सरकारनं संस्थांसाठी दिलेला नमुना) महाराष्ट्रात सभासदाला फ्लॅट भाड्यानं द्यायला संस्थेची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं, कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची, एवढंच. त्यामुळे मालक राजी असून सोसायटी अडवत असेल तर मालकाला भांडता येतं. मालकच नाही म्हणाला, आणि भाडेकरू वरच्या तीन कायद्यांपैकी एकातही बसत नसला, तर त्याच्याकडे उरतो तो फोनमधला कॉल आणि त्याच जाहिरातीचा तिसऱ्या दिवशीचा स्क्रीनशॉट. तो घेऊन जायचं कुठे, याचं उत्तर देणारं कलम अजून लिहिलं गेलेलं नाही.